एसएमपीएस नावाचा डबा

गेल्या पावसाळ्यात ओळखीच्या एका शिक्षिकेचा फोन आला. पुणे शहराच्या कडेला असलेल्या एका शाळेत त्या विज्ञान शिकवतात आणि संगणकाची खोलीही त्यांच्याच गळ्यात आहे. खोलीत दहा संगणक आहेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र यूपीएस आहे. तरीही दुपारी वीज गेली की पाच संगणक चालू राहतात आणि पाच बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. मुलांनी तासभर केलेले काम पुसले जाते. शाळेने यूपीएसच्या बॅटऱ्या दोनदा बदलल्या. पैसे गेले, तक्रार मात्र तशीच राहिली.

मग आठवीतल्या एका मुलीने बाईंना सुचवले, "आपण यूपीएसची अदलाबदल करून बघू या का?" मुलांनी 'चांगल्या' संगणकाचा यूपीएस 'वाईट' संगणकाला लावला आणि उलटही केले. पंधरा दिवस नोंदी ठेवून तक्ता बनवला. दोष यूपीएसबरोबर हलला नाही, संगणकापाशीच राहिला. आणखी एक गोष्ट त्या तक्त्यातून दिसली. पाचही वाईट संगणकांतला एसएमपीएस आदल्या वर्षी बदललेला होता, आणि तोही बाजारात मिळेल तो सर्वांत स्वस्त.

"म्हणजे दोष सापडला," बाई म्हणाल्या. "पण आता निवडायचा कसा? महागडा आम्हाला परवडत नाही, आणि स्वस्त घेतला तर हे असं होतं."

या प्रश्नाचे उत्तर द्यायला थोडे मागे जावे लागेल, कारण हा डबा स्वस्त कसा झाला ते कळल्याशिवाय तो आणखी स्वस्त करताना त्यातून काय काढून घेतले जाते, ते कळत नाही.

नावातच इतिहास आहे

पुण्यात तपकीर गल्लीतल्या दुकानात जाऊन संगणकाचा 'पॉवर सप्लाय' मागा. दुकानदार सहज विचारेल, "एसएमपीएस ना?" आपल्याकडे हेच नाव रूढ आहे. स्विच्ड मोड पॉवर सप्लाय, म्हणजे वीज सतत चालू-बंद करून तिचे रूपांतर करणारा पुरवठा. जुन्या प्रकाराहून वेगळा, नवा प्रकार म्हणून त्याला हे नाव मिळाले. आज जुना प्रकार संगणकातून गेला, नाव मात्र राहिले.

या डब्याचे काम थोडक्यात असे. भिंतीतल्या खोबणीतून २३० व्होल्टची, सेकंदाला ५० वेळा हेलकावणारी ए.सी. वीज येते. संगणकातल्या चिपना मात्र कमी दाबाची, स्थिर डी.सी. वीज लागते. डब्यातून ती १२, ५ आणि ३.३ व्होल्ट अशा दाबांना बाहेर पडते. शिवाय भिंतीतला दाब वरखाली झाला तरी बाहेरचा दाब हलता कामा नये, आणि भिंतीतली वीज कोणत्याही परिस्थितीत मुलांच्या हातापर्यंत पोचता कामा नये.

उष्णतेत जाणारी वीज

आपल्या देशात बांधलेल्या पहिल्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक संगणकाची जन्मभूमी महाराष्ट्रच आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली १९५०च्या दशकात त्याचे काम झाले. १९६० साली तो पूर्ण झाला आणि १९६२ साली त्याला 'टिफ्रॅक' हे नाव मिळाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या, म्हणजे व्हॉल्व होते. जुन्या रेडिओतल्यासारख्या साध्या व्हॉल्वची तार ६.३ व्होल्टला सुमारे ०.३ अँपिअर प्रवाह घेते, म्हणजे जवळजवळ दोन वॅट. गुणाकार करून पाहा : नुसत्या तारा तापत्या ठेवायलाच पाच हजार वॅटच्या आसपास वीज लागणार. अशा यंत्राचा वीजपुरवठा ही कपाटे भरून टाकणारी सामग्री असे.

ट्रान्झिस्टर आल्यावर ही भूक कमी झाली, पण पुरवठ्याची पद्धत तीच राहिली. आधी मोठ्या ट्रान्सफॉर्मरने २३० व्होल्टचे आठ-नऊ व्होल्ट करायचे, मग त्याचे डी.सी. करायचे आणि जास्तीचा दाब एका ट्रान्झिस्टरमध्ये 'जाळून' नेमके पाच व्होल्ट उरवायचे. याला लिनियर पुरवठा म्हणतात. तो स्वच्छ आणि भरवशाचा असतो. प्रभाकर देवधर यांनी १९६२ साली ठाण्यात सुरू केलेली 'ॲप्लॅब' प्रयोगशाळांना लागणारी मोजमापाची उपकरणे आणि वीजपुरवठे बनवू लागली. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आजही लिनियर पुरवठे दिसतात आणि प्रयोगाला तेच बरे असतात.

पण हिशेब पाहा. नऊ व्होल्ट आत, पाच बाहेर आणि प्रवाह १० अँपिअर. उपयोगी पडले ५० वॅट, उष्णतेत गेले ४० वॅट. शिवाय ट्रान्सफॉर्मरचे वजन आहेच. टेबलावर ठेवायचा स्वस्त संगणक अशा पुरवठ्यावर बनणे अवघड होते.

कंप पावणारी पट्टी

ट्रान्सफॉर्मर जड का असतो? विजेचा दाब बदलायला लोखंडी गाभ्यातले चुंबकीय क्षेत्र बदलावे लागते. ते सेकंदाला फक्त ५० वेळा हेलकावत असेल तर प्रत्येक हेलकाव्यात पुष्कळ ऊर्जा पलीकडे न्यावी लागते, म्हणून गाभा मोठा लागतो. हेलकावे वाढवले तर तेच काम लहान गाभ्यात होते. पाणी घागरीने वाहायचे की पेल्याने, हा प्रश्न आहे. पेला चालेल, पण खेपा भराभर घालता आल्या पाहिजेत.

ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. १९३०च्या दशकात मोटारगाडीतला रेडिओ सहा व्होल्टच्या बॅटरीवर चालवायचा, पण व्हॉल्वना शे-दोनशे व्होल्ट हवेत, अशी अडचण होती. तेव्हा विजेच्या घंटीतल्यासारखी कंप पावणारी एक पट्टी बॅटरीचा प्रवाह सतत तोडत-जोडत असे, आणि त्या तुटक प्रवाहाचा दाब ट्रान्सफॉर्मर वाढवत असे. घंटी उघडून दाखवणाऱ्या शिक्षकांनी एसएमपीएसची पहिली पायरी मुलांना दाखवलेलीच असते!

पट्टीच्या जागी ट्रान्झिस्टर आला तो १९५०च्या दशकात. पुढे १९७०च्या सुमारास उंच दाब झेलणारे आणि झटपट चालू-बंद होणारे ट्रान्झिस्टर परवडू लागले. १९७६ साली 'सिलिकॉन जनरल' या अमेरिकन कंपनीने बॉब मॅमानो यांनी रचलेली नियंत्रक चिप आणली. चालू-बंद करण्याचे सगळे वेळापत्रक एका चिपमध्ये मावले. आता भिंतीतल्या विजेचे आधीच डी.सी. करायचे, सेकंदाला हजारो वेळा तिचे तुकडे पाडायचे आणि ते मुठीएवढ्या ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे न्यायचे. बाहेरचा दाब कमी वाटला तर 'चालू'चा काळ किंचित वाढवायचा आणि जास्त वाटला तर कमी करायचा. जास्तीचे काही जाळायचेच नाही.

१९७७ साली आलेल्या 'ॲपल-२' संगणकात रॉड होल्ट यांनी रचलेला असा पुरवठा होता. बाकी सर्वांनी त्याचीच नक्कल केली, अशी एक आख्यायिका आहे. ती बरोबर नाही. तोवर हे तंत्र अनेक यंत्रांत वापरात होते आणि ते स्वस्त झाले ते मुख्यतः नव्या ट्रान्झिस्टरांमुळे आणि चिपमुळे. वर्गात शोधांचा इतिहास सांगताना हे उदाहरण उपयोगी पडेल. एका नावामागे पुष्कळदा अनेकांचे आणि अनेक कारखान्यांचे काम असते.

ऑगस्ट १९८१मध्ये आयबीएमचा 'पीसी' आला तो ६३.५ वॅटचा पुरवठा घेऊन. १९८३च्या 'एक्सटी'मध्ये १३० वॅट, तर १९८४च्या 'एटी'मध्ये १९२ वॅट झाले. या पुरवठ्यात एक शहाणपणाची तार होती : 'पॉवर गुड'. सगळे दाब ठीक झाले की पुरवठा या तारेवरून "आता सुरू हो" असा संदेश देतो आणि वीज जाऊ लागली की तो मागे घेतो. काही अतिस्वस्त डब्यांत ही तार सरळ पाच व्होल्टलाच जोडलेली आढळते. म्हणजे पहारेकऱ्याच्या जागी बुजगावणे. १९९५ साली इंटेलने 'एटीएक्स' ही मापांची आणि जोडण्यांची पद्धत ठरवली. तीच सुधारत आजवर चालत आली आहे, म्हणून एका कंपनीचा डबा दुसरीच्या कॅबिनेटमध्ये बसतो. परवडणारा पर्याय निवडण्याचे स्वातंत्र्य आपल्याला या समान मापांनी दिले, आणि फसण्याचेही.

विजेचा लपंडाव

आपल्या शाळांत संगणक आले ते १९८४-८५मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून, बीबीसी मायक्रो या यंत्राच्या रूपाने. पुण्यात १९८८ साली सी-डॅकची स्थापना झाली आणि १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला. महासंगणकाच्या खोलीत विजेची चोख व्यवस्था असते. शाळेतला संगणक मात्र गावच्या विजेवर जगतो.

ही वीज कशी असे ते आपल्याला आठवतच असेल. २००५-०६च्या सुमारास राज्यात तुटवडा तीव्र होता. पुणे शहरासाठी २००६ साली एक वेगळा प्रयोग झाला. कारखान्यांनी गर्दीच्या वेळी स्वतःची जनित्रे चालवायची आणि वाचलेली वीज शहराला द्यायची. त्याचा जादा खर्च वीजग्राहकांकडून घ्यायचा. या योजनेमुळे शहरातले भारनियमन टळले आणि 'पुणे मॉडेल' म्हणून तिची चर्चा झाली. शहराच्या हद्दीबाहेर मात्र भारनियमन होतेच. संगणकाशेजारी यूपीएस हवाच, ही आपल्याकडची सवय अशा काळात पक्की झाली.

पण साधा यूपीएस वीज गेल्यावर त्याच क्षणी बॅटरीवर जात नाही. मधे काही मिलिसेकंद जातात, दहापर्यंतही. तेवढा वेळ संगणकाला कोण जगवतो? एसएमपीएसमधला मोठा कपॅसिटर. बाईंच्या शाळेचा रोग इथेच होता.

एका कपॅसिटरचा हिशेब

मी दोन्ही प्रकारचे डबे प्रयोगशाळेत आणून उघडले. जुन्या, चांगल्या डब्यात मुख्य कपॅसिटर ३३० मायक्रोफॅरडचा होता, तर नव्या स्वस्त डब्यात १०० मायक्रोफॅरडचा. दोन्हींवर बाहेरून आकडा एकच : ४५० वॅट.

कपॅसिटरमधली ऊर्जा असते ½CV². तो ए.सी.च्या शिखरापर्यंत, म्हणजे २३० × १.४१४ = ३२५ व्होल्टपर्यंत भरतो. दाब २०० व्होल्टच्या खाली गेला की पुरवठा थांबतो असे समजू, आणि संगणक भिंतीतून १०० वॅट, म्हणजे सेकंदाला १०० ज्यूल घेतो असे धरू. मग :

३३० मायक्रोफॅरड : ½ × ०.०००३३ × (३२५² − २००²) = सुमारे १०.८ ज्यूल, म्हणजे १०८ मिलिसेकंद.

१०० मायक्रोफॅरड : सुमारे ३.३ ज्यूल, म्हणजे ३३ मिलिसेकंद.

दहा मिलिसेकंदांपुढे दोन्ही पुरेसे. दुकानात तपासले तर दोन्ही डबे उत्तीर्णच होणार. पण शाळेत दुपारी आजूबाजूचे पंप चालू झाले की दाब १७० व्होल्टपर्यंत उतरतो, हे बाईंनी मल्टिमीटरने मोजले होते. त्यांचे जुने, साधे यूपीएस एवढ्यावर बॅटरीकडे वळत नाहीत आणि दाब वाढवूनही देत नाहीत. आता शिखर फक्त २४० व्होल्ट. पुन्हा हिशेब करा. ३३०चा कपॅसिटर २९ मिलिसेकंद तग धरतो, १००चा जेमतेम ९. यूपीएस यायच्या आत संगणक गेला!

हा हिशेब ढोबळ आहे, पण बारावीच्या विद्यार्थ्यांना करता येण्याजोगा आहे. दर्शनी आकडा ४५० वॅटचा, आणि खरा फरक आत दडलेल्या आणि कोणीच न छापलेल्या एका मापात.

असेच आणखी एक न दिसणारे अंग म्हणजे गाळणी. हजारो वेळा वीज तोडली-जोडली की रेडिओलहरी निर्माण होतात. त्या बाहेर पडू नयेत म्हणून पुरवठ्याच्या तोंडाशी तारेची वेटोळी आणि छोटे कपॅसिटर बसवतात. स्वस्त डब्यात पुष्कळदा त्यांची जागा छापील पट्टीवर मोकळीच असते. मीडियम वेव्हचा छोटा रेडिओ रिकाम्या जागी लावून कॅबिनेटजवळ न्या, गुरगुर ऐकू येईल. वेगवेगळे संगणक तपासून तुलना करता येईल. आपल्या जिल्ह्यात या गुरगुरीला विशेष अर्थ आहे. नारायणगावजवळ खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. अतिदूरच्या दीर्घिकांतून येणारे अत्यंत क्षीण संदेश ती टिपते. त्यासमोर साध्या संगणकाचा गोंगाट मोठाच. म्हणून तिथली स्वतःची यंत्रणाही धातूने झाकलेल्या खोल्यांत ठेवावी लागते.

मग निवडायचा कसा?

बाईंना मी जे सांगितले तेच इथे लिहितो.

गरज आधी मोजा. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेला शाळेतला साधा संगणक साधारण ४० ते ८० वॅटमध्ये चालतो. म्हणून खऱ्या २५० किंवा ३०० वॅटचा डबा पुरेसा आहे. मोठ्या आकड्यासाठी पैसे देऊ नका.

बाजूची चिठ्ठी वाचा. आजच्या संगणकात बहुतेक वीज १२ व्होल्टच्या तारेतून जाते. तिच्यापुढचे अँपिअर पाहा आणि १२ने गुणा. वर ४५० लिहिले असेल आणि १२ व्होल्टला १४ अँपिअर असतील, तर १६८ वॅटच झाले. असा गुणाकार केला की दर्शनी आकड्याची किंमत कळते.

आत येणाऱ्या विजेचा पल्ला पाहा. '२००–२४०'ऐवजी '१००–२४०' लिहिलेला डबा आपल्या कमी दाबाच्या विजेला बरा. अशा डब्यात बहुधा 'ॲक्टिव्ह पीएफसी' नावाचे मंडल असते. बाहेर १७० असो की २३०, ते कपॅसिटर ३८० व्होल्टच्या आसपास भरून ठेवते. मात्र काही साध्या यूपीएसशी अशा डब्यांचे पटत नाही. म्हणून दहा घेण्याआधी एक आणून आपल्या यूपीएसवर वीज बंद करून पाहा.

नोंदणी तपासा. इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी भारतीय मानक ब्यूरोची सक्तीची नोंदणी २०१२च्या आदेशाने सुरू झाली आणि पुढे एसएमपीएसही तिच्या यादीत आले. चिठ्ठीवर 'आर'ने सुरू होणारा क्रमांक असतो. तो ब्यूरोच्या मोबाइल ॲपवर पडताळून पाहता येतो.

कार्यक्षमतेचा हिशेब करा. २००४ साली अमेरिकेत सुरू झालेले '८० प्लस' हे चिन्ह सांगते की, २०, ५० आणि १०० टक्के भाराला किमान ८० टक्के वीज उपयोगी पडते. संगणकाला ६० वॅट हवे असतील तर ६५ टक्क्यांचा डबा भिंतीतून ९२ वॅट घेतो, ८२ टक्क्यांचा ७३. दिवसाला सहा तास आणि वर्षाला २२० दिवस धरले तर एका संगणकामागे २५ युनिट वाचतात, दहांमागे २५०. शाळेच्या बिलावरचा दर घेऊन मुलांनाच गुणाकार करू द्या. उष्णता कमी म्हणजे आयुष्यही जास्त. दर दहा अंश तापमान कमी झाले की अशा कपॅसिटरचे आयुष्य साधारण दुप्पट होते. म्हणून दर सुट्टीत पंख्यातली धूळ काढणे हाही फुकटातला चांगला उपाय आहे.

आणि एक इशारा. हा डबा वर्गात उघडू नका. वायर काढून ठेवली तरी कपॅसिटरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट काही काळ राहू शकतात. उघडून दाखवायची हौस घंटीवर भागवावी.

बाईंनी पाच डबे एकदम घेतले नाहीत. आधी एक घेतला. त्याच मुलीने पुन्हा पंधरा दिवसांचा तक्ता केला. वीज अकरा वेळा गेली आणि संगणक एकदाही बंद पडला नाही. उरलेले चार त्यानंतर आले. बॅटऱ्यांवर वाया गेलेले पैसे काही परत आले नाहीत, पण त्या तक्त्याचा कागद आता संगणकाच्या खोलीत भिंतीवर लावलेला आहे. पुढच्या वेळी खरेदीचा अर्ज लिहिताना मुख्याध्यापकांना तोच जोडायचा, असे ठरले आहे.